आईबाबा येतायत? गेटवर बसवू नका!

रविवारी सकाळी दहा-साडेदहाला लातूरमधल्या कुठल्याही होस्टेलच्या गल्लीत पाच मिनिटं उभं राहून बघा. स्टँडकडून रिक्षा यायला लागतात. कुणाचे तरी आईबाबा उतरतात. बाबांच्या हातात पिशवी, आईच्या हातात डबा, मागे एखादा लहान भाऊ, कधी कधी आजीसुद्धा. वॉचमन आत सोडत नाही, नियम म्हणजे नियम. मग गेटशेजारच्या पायरीवर, समोरच्या लिंबाखाली, नाहीतर रविवारी बंद असलेल्या दुकानाच्या शटरसमोर सगळे टेकतात. डबा उघडतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. लेकरू खातं, आई त्याच्याकडे बघत बसते.

"जेवायलास का वेळेवर?"

"हो."

"अभ्यास?"

"करायलोय की."

"टेस्टला किती पडले?"

इथे दोन्ही बाजूंनी जरा शांतता. बाबा उगीच फोन काढून वेळ बघतात. मग सोयाबीनचा भाव, म्हशीचं आजारपण, कुणाच्या तरी लग्नाची तारीख. चार वाजले की "बस चुकंल" म्हणून सगळे उठतात. रिकामा डबा परत पिशवीत जातो.

नांदेडमध्ये क्लासेसच्या भागात याच वेळी हेच चालू असतं.

आता हाच दिवस प्रवासवर्णनाच्या भाषेत लिहून बघू. एक कुटुंब पहाटे उठून निघालं, दोन-अडीच तास एसटीत बसलं, एका नावाजलेल्या शहरात पाच-सहा तास राहिलं, तिथे जेवलं आणि परत गेलं. त्यांनी त्या शहरात काय बघितलं? एक गेट, एक शटर आणि एक वॉचमन. पुढच्या खेपेलाही तेच. दोन वर्षं, चार वर्षं, जितकी वर्षं तुम्ही तिथे शिकाल तितकी वर्षं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही भेट आपण वाया घालवतोय. आईबाबा येतात तेव्हा त्यांना गेटवर बसवू नका, गाव दाखवा. बाहेर जेवायला न्या. त्यांचा तो रविवार ही त्यांची सहल असू दे, तुमची चौकशी नको.

"सहल? लातूरला?" असं म्हणून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. आपल्या पिढीच्या डोक्यात सहलीचं चित्र ठरलेलं आहे. फोनमधल्या सेव्ह केलेल्या रील्स उघडा. त्यात व्हेनिस असणारच. आई, बाबा, दोन मुलं, गोंडोला, सेंट मार्क्सचा चौक, कबुतरं, पास्ता, जिलाटो. तीस सेकंदांत एक अख्खा दिवस. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'एक दिवस मम्मी-पप्पांना इथे नेणार', आणि त्याला आपण लाइक ठोकलेला असतो. न्या की! नोकरी लागू दे, पासपोर्ट निघू दे, जरूर न्या. पण ते होईपर्यंत बाबांचे गुडघे काय म्हणतायत तेही बघा. आणि येत्या रविवारी ते नाहीतरी येणारच आहेत.

व्हेनिसचीच एक गंमत सांगते. तिथे सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे पाहुणे इतके झाले की शहराने २५ एप्रिल २०२४ पासून त्यांना प्रवेशाचं तिकीटच लावलं. पहिल्या वर्षी ठरावीक २९ दिवसांसाठी, माणशी ५ युरो. म्हणजे साधारण साडेचारशे रुपये, फक्त गावात पाऊल टाकायचे. रात्री हॉटेलात मुक्काम करणाऱ्यांना ते नाही, चौदा वर्षांखालच्या मुलांना नाही; जे बघून लगेच निघून जातात त्यांनाच. आणि सेंट मार्क्सच्या चौकात जमिनीवर बसून डबा खाल्ला तर दंड होऊ शकतो. विचार करा, आपल्या आयांचं तिथे काय झालं असतं! शिवाय इटलीतल्या बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये बिलावर 'कोपेर्तो' नावाची ओळ असते. म्हणजे टेबलावर बसल्याचे, ब्रेडचे, माणशी वेगळे पैसे. माझे बाबा तर ती ओळ वाचून उभेच राहिले असते.

मी इटली पाहिलेली नाही. हे सगळं वाचून सांगते आहे. पण मुद्दा असा की जिथे रोज हजारो माणसं दिवसापुरती येतात, त्या शहराला त्या दिवसाची किंमत कळते. लातूरलाही दर रविवारी बाहेरून माणसं येतात. त्यांच्यासाठी शहराने काही केलेलं नाही ते नाहीच, पण त्यांची स्वतःची मुलंही त्यांना काही दाखवत नाहीत. माझ्या वर्गातल्या सात-आठ जणांना मी विचारलं, "तुझ्या आईला तू शहरात काय काय दाखवलंस?" उत्तरं दोनच आली. कॉलेज आणि मॉल. मॉलमध्येही सरकत्या जिन्याला घाबरून आई खालीच थांबली, असं एकीने सांगितलं.

बाबांचं लातूर कुठलं असतं माहितेय? मार्केट यार्डातली आडत, दवाखाना आणि आपल्या क्लासचं फी काउंटर. तिन्ही ठिकाणी ते रांगेत उभे असतात आणि तिन्ही ठिकाणी बहुतेक वेळा खिशाचाच विषय असतो. आईचं लातूर तर याहून लहान. दवाखाना आणि तुमचं गेट. ज्या शहरासाठी त्यांनी तुरीचे, सोयाबीनचे पैसे भरले, त्या शहरात ते एकदाही मोकळेपणाने फिरलेले नाहीत. मला हे बरोबर वाटत नाही.

आता दुसरं कुटुंब बघा. नांदेडच्या स्टेशनवर सचखंड एक्स्प्रेस येते. अमृतसरहून दोन हजारांहून जास्त किलोमीटर कापून. वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी या गाडीतल्या लोकांना लंगर देतात, फुकट, वर्षानुवर्षं. म्हणून जाणकार प्रवासी घरून ताट-वाटी घेऊनच बसतात. या गाडीतून उतरणारी पंजाबी कुटुंबं म्हणजे नांदेडला रोज दिसणारं दृश्य. आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे. दोन-तीन दिवस राहतात. लंगरच्या पंगतीत अशाच एका कुटुंबाशेजारी मी मध्यंतरी बसले होते. त्यांच्या कॉलेजातल्या मुलाच्या फोनमध्ये यादी तयार होती. सचखंड साहिब, नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट, शिकार घाट, माल टेकडी, माता साहिब. कुठे कधी जायचं, आजीला कुठे रिक्षा लागेल, कुठे चालता येईल, सगळं लिहिलेलं. आजी मला म्हणाली, "तुम्ही नशीबवान, इथेच राहता." मी मान हलवली. पण मनात आलं, इथे राहून आपल्यातल्या किती जणांनी ही यादी पूर्ण केलीय? आणि किती जणांनी आईला सोबत घेऊन?

श्रद्धेचं ओढणं वेगळं असतं, हे मान्य. ते यात्रेला येतात, सहलीला नाही. तरीही पद्धत घेण्यासारखी आहे. घरातल्या सगळ्यात तरुण माणसाने नियोजन करायचं, आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या चालीने फिरायचं.

तर नांदेडला शिकणाऱ्यांनो, तुमचं काम तसं सोपं आहे. सचखंड गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. बाकीची अमृतसर, आनंदपूर, पाटणा आणि दमदमा साहिब. पाचांतलं एक आपल्या गावात आणि आपण सेमिस्टरमधून एकदाही तिकडे वळत नाही! गुरु गोविंदसिंगांनी इथे १७०८ मध्ये देह ठेवला. आताची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. बंदा घाटाची गोष्ट आईला सांगा. माधोदास नावाचा एक बैरागी गोदावरीकाठी राहत होता, गुरूंची भेट झाली आणि तोच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढला. या शहराचे रुंद रस्ते, घाट, विमानतळ यांतलं बरंचसं २००८ च्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या तयारीत झालं, हे बाबांना सांगा. त्यांना विकासकामांच्या गप्पा आवडतात.

लंगरमध्ये जेवा. आईला तिथे घेऊन जाण्याचं माझं खास कारण आहे. हॉटेलात गेलं की ती मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूला बघते. लंगरमध्ये उजवी बाजूच नाही. सगळे एका पंगतीत, वाढणारा विचारून विचारून वाढतो आणि ती पहिल्यांदा दुसऱ्याने वाढलेलं, न घाबरता, पोटभर खाते. नंतर भांडी घासण्याच्या सेवेला ती स्वतःच उठली तर अडवू नका. तिला तेही आवडतं.

संध्याकाळपर्यंत थांबणार असतील तर गोविंदबागेत गुरूंच्या जीवनावरचा लेझर शो असतो; सुरू आहे का ते आधी विचारून जा. विष्णुपुरीत शिकणारे तर आणखी नशीबवान. विद्यापीठ तिथे, इंजिनिअरिंग कॉलेज तिथे, आणि काळेश्वराचं जुनं दगडी देऊळ आणि धरणाचं पाणीही तिथेच. चार वर्षं शेजारी राहून ते देऊळ फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवणारी माणसं मला माहीत आहेत. गावातला नंदगिरी किल्ला गोदावरीच्या काठावर आहे. फार काही उरलेलं नाही, पण नदी बघायला बाबांना तीच जागा दाखवा.

लातूरकर म्हणतील, नांदेडला निदान गुरुद्वारा आहे, आमच्याकडे काय?

गोलाई आहे. हसू नका. रोज जिथून शॉर्टकट मारता ती गंजगोलाई एकदा बघायची म्हणून बघा. निजामाच्या काळात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला, १९१७ मध्ये मधली दुमजली गोल इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळा! एकेका रस्त्याचा बाजार वेगळा. कुठे सोनं, कुठे कापड, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. इटलीत लुक्का नावाच्या गावी असाच एक लंबगोल चौक आहे, जुन्या रोमन रंगमंडलाच्या पायावर घरं उभी राहून तयार झालेला, आणि त्याचा फोटो काढायला जगभरातून लोक जातात. आपली गोलाई तितकी जुनी नाही, तितकी नीटनेटकी तर मुळीच नाही. तारा लोंबतात, गाडे मध्येच असतात, हॉर्न थांबत नाहीत. पण बाजार जिवंत आहे आणि आईला बाजार कळतो. ती मिरची हातात घेऊन वास घेईल आणि दुकानदाराला दोन प्रश्न असे विचारेल की तो सरळ होईल. होस्टेलच्या पायरीवर "टेस्टला किती" विचारणारी बाई आणि मिरचीच्या दुकानात भाव करणारी बाई एकच आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

चालताना माणसं वेगळं बोलतात. समोरासमोर बसवलं की मार्कच निघतात. बरोबर चालायला लागलं की बाबांना काहीतरी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाबा शाळेत नाहीतर कॉलेजात होते. विचारा त्यांना, त्या रात्री कुठे झोपला होता, सकाळी पहिल्यांदा कुणाला शोधायला गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा तुम्ही लहान होता, घरात किती घागरींत दिवस काढला ते आईला नीट आठवत असेल. हा सगळा इतिहास तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये दोन ओळींत वाचता आणि ज्यांनी तो काढलाय ते रविवारी तुमच्यासमोर गप्प बसलेले असतात.

आणखी एक गोष्ट बाबांना सांगण्यासारखी. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत. लत्तलूर म्हणजे आपलं लातूर. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याने कोरून घेतलं, त्यांना आपल्या गावाचं नाव बिरुदात मिरवावंसं वाटत होतं. आणि आपण पुण्यात गेल्यावर "कुठला रे तू?" विचारलं की आवाज खाली करतो.

जरा लांब जायचं असेल तर औसा लातूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे, भुईकोट किल्ला आहे, अर्धा दिवस पुरतो. त्याच तालुक्यात खरोशाची लेणी आहेत, तिथे मात्र पाणी आणि टोपी घेऊन जा, ऊन लागतं. उदगीरचा किल्ला इतिहासवाल्यांसाठी. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ती लढाई इथलीच, आणि पानिपत त्याच्यानंतर वर्षभराने. नांदेडकडून कंधारचा किल्ला, देगलूर तालुक्यातलं होट्टलचं चालुक्यांच्या काळातलं मंदिर, पावसाळ्यात सहस्रकुंड. ही सगळी दिवसभराची कामं आहेत, दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. रविवारी आलेल्या आईला किल्ल्यावर चढवू नका.

आता जेवणाकडे येते, कारण खरी भांडणं तिथेच होतात.

तुम्ही म्हणणार, चला हॉटेलात. आई म्हणणार, "आणलंय की डब्यात, कशाला उगं पैसे घालायलास?" मग तुम्ही हट्ट करून पिझ्झाच्या एसी दुकानात नेणार. तिथे बाबा खुर्चीच्या कडेवर बसणार, आई ऑर्डर करणार नाही, "तू खा, मला भूक नाही" म्हणणार, शेवटी एक स्लाइस खाऊन "चांगलंय" म्हणणार आणि परतीच्या बसमध्ये तिला भूक लागणार. बिल हजाराच्या पुढे. हे झालं की पुढच्या वेळी ते बाहेर जेवायचं नावच काढणार नाहीत.

पिझ्झाला माझा विरोध नाही. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. पण ती मिळाली कारण तिथले लोक पिढ्यान् पिढ्या आपल्याच गल्लीतला पिझ्झा अभिमानाने खात आले. आपल्याकडे निलंगा राईस सकाळी गाड्यावर उभं राहून खातो आणि पाहुणा आला की त्याला फ्रँचायझीत नेतो. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातल्या तिन्ही गोष्टींना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. दार्जिलिंगच्या चहाला असतं तसं. ही बातमी आपल्या किती जणांच्या स्टोरीवर होती? बाबांना मात्र बोरसुरीची डाळ सांगावी लागत नाही. कोणत्या रानातली डाळ लवकर शिजते, ते तेच तुम्हाला सांगतील.

म्हणून माझा सल्ला. डबा नाकारू नका, आई चार वाजता उठलेली असते. डबा दुपारी बागेत सावलीला बसून खा. बाहेरचं खाणं सकाळी आणि संध्याकाळी ठेवा. नांदेडला सकाळची गरम तहरी, लातूरला निलंगा राईस किंवा सुशीला. सुशीला आई घरी करतेच, तरी बाहेरची चाखून ती "मीठ जास्त झालंय" असं म्हणेल तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा. संध्याकाळी गरम भजी, चहा, आजीला आइस्क्रीम. आणि एक पदार्थ असा मागवा जो त्यांनी कधीच खाल्लेला नाही. एकच. सगळ्यांनी मिळून एक प्लेट. नाही आवडला तर नुकसान कमी, आवडला तर गावाकडे महिनाभर सांगायला विषय. ऑर्डर देताना "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका, उत्तर "काही नको" हेच येणार. "हे मागवू का ते?" असं विचारा.

पैसे कोण देणार हाही प्रश्न आहे. बाबा देणारच. पण एकदा, फक्त एकदा, तुमच्या खर्चाच्या पैशांतून वाचवून चहा-भज्यांचं बिल तुम्ही द्या. ते रागावतील. देऊ देतील.

खर्चाचं म्हणाल तर एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. आजी पंच्याहत्तरच्या पुढची असेल तर तिचा प्रवास मोफत. रिक्षा, नाश्ता, चहा, भजी धरून चौघांचा दिवस पाचशे रुपयांच्या आसपास बसवता येतो. एका रविवारी नाही जमलं तर दोन महिन्यांतून एकदा करा.

"पण रविवारी टेस्ट असते." असते. टेस्ट सकाळी असेल तर दुपारनंतर भेटा, त्यांना तसं आधी कळवा. माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आपण अभ्यासाचं कारण सांगून आईबाबांना दोन तासांत परत पाठवतो आणि मग खोलीवर जाऊन तीन तास रील बघतो. नीटच्या, एमपीएससीच्या, पोलिस भरतीच्या तयारीत महिन्यातला एक अर्धा दिवस गेल्याने कुणी नापास झालेलं मी ऐकलेलं नाही. आईबाबांशी वर्षभर फक्त मार्कांवर बोलून, एक दिवस मार्क कमी पडल्यावर कुणाशीच बोलता न येणारी मुलं मात्र ऐकलीत. तुम्हीही ऐकली असतील. अशी वेळ आलीच तर फोन उचलून बोलायला मार्कांच्या पलीकडचा एखादा विषय आधीपासून चालू असावा लागतो.

सगळी जबाबदारी मुलांवर टाकून शहरांना मोकळं सोडणंही बरोबर नाही. गोलाईत आईला पाच मिनिटं टेकायचं म्हटलं तर दुकानाची पायरी शोधावी लागते. बाईमाणसाला बाजारात फिरताना स्वच्छतागृहाची अडचण येते, म्हणून कित्येक आया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे कुणी बोलत नाही, पण "मला भूक नाही, तहान नाही" या वाक्यामागे बऱ्याचदा हेच असतं. किल्ल्यांवर, देवळांपाशी मराठीत चार ओळींचा नीट फलक असला तर सातवीपर्यंत शिकलेली आई तो मोठ्याने वाचून दाखवेल. होस्टेलवाल्यांनाही विचारायला हरकत नाही. हजारो रुपये फी घेता, तर पालकांना बसायला पंखा असलेली एक खोली आणि पिण्याचं पाणी का नाही? मुलींच्या सुरक्षेसाठी आत सोडत नाहीत हे समजू शकते. पण उन्हात बसवणं हा सुरक्षेचा नियम कसा? मागणी करा. लेखी करा. दहा जणांच्या सह्या घ्या.

तोपर्यंत तुमच्या हातात येता रविवार आहे. शनिवारी रात्री फोन करून सांगा, "उद्या गेटवर येऊ नका, मी स्टँडवरच येतो." आईला सांगा की चांगली चप्पल घाल, जरा चालायचंय. ती विचारेल, "कुठं जायचंय?" सांगू नका लगेच. बाबांना सांगा की चारची बस धरायची नाही, सहाची धरू. आणि रविवारी संध्याकाळी स्टँडवर गर्दी मरणाची असते, तेव्हा बस लागली की खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा तुम्हीच धरा.